बाबांच्या खोलीतले मॉनिटर

"मधला जरा खाली घ्या," बाबा म्हणाले. "हिची मान अवघडते."

कॉम्प्युटरवाला स्क्रू पिळता पिळता थबकला. खोलीत माणसं तीनच होती: तो, बाबा आणि दारात उभा असलेला मुलगा. आईला जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

मुलाने त्याला डोळ्यांनीच खुणावलं, घ्या खाली. म्हाताऱ्या माणसाशी हुज्जत कोण घालणार?

हे खूळ बाबांना मुलाच्याच खोलीत लागलं होतं. तो घरूनच नोकरी सांभाळत शेअरची खरेदी-विक्री करायचा, आणि आई गेल्यापासून ते त्याच्यामागे खुर्ची टाकून बसायचे. पडदे ओढलेले असायचे, आणि बाबांच्या चेहऱ्यावर कधी हिरवा, कधी लाल उजेड पडायचा. आधी ते शेअरचे भाव नुसते बघायचे. मग पुटपुटू लागले. "घेऊ का गं?" एवढं विचारायचे, कान देऊन ऐकायचे आणि समजल्यासारखी मान डोलवायचे. आता तर त्यांना स्वतःचे तीन मॉनिटर हवे होते आणि स्वतःचं खातंही. गेलेल्या बायकोच्या सल्ल्याने बाजारात उतरायचं म्हणजे राहत्या घरावर पाणी सोडायचीच तयारी.

स्वतःची मात्र मुलाला काळजी नव्हती. त्याचं बस्तान झकास बसलं होतं. भांडवल आईचं. आपली ठेव मोडून त्याच्या खात्यात भरते, असं तिनेच सांगितलं होतं आणि ह्याच कॉम्प्युटरवाल्याला बोलावून सगळं मांडून घेतलं होतं. अट एकच. "चाळिशी गाठेपर्यंत यातला एक पैसा बाहेर काढायचा नाही. तोवर नोकरी करायची." त्याने शब्द पाळला. नफा फुगत गेला, तो बघून तोही थोडा फुगला. पुढच्या महिन्यात चाळिशी होती. सकाळीच त्याने राजीनामा पाठवला होता आणि साहेबांशी भांडून परतीची वाटही बंद करून टाकली होती. घरात अजून कुणाला पत्ता नव्हता.

त्याने कॉम्प्युटरवाल्याला हळूच स्वयंपाकघरात नेलं.

"त्यांना डेमो टाकून द्या," तो कुजबुजला. "भाव खरे दिसू देत, पैसे खोटे. त्यांची पुंजी बँकेतून हलता कामा नये. पण त्यांना कळायला नको."

"कोपऱ्यात 'डेमो' असं येतं. ते झाकावं लागेल."

"जमेल?"

"जमतं," कॉम्प्युटरवाला म्हणाला आणि पाण्याचा पेला खाली ठेवून कामाला लागला. त्याला फार वेळ लागला नाही. हात सरावाचा होता.

तिन्ही मॉनिटर उजळले. बाबांनी पडदा ओढून घेतला आणि खुर्ची एका बाजूला सरकवून शेजारी जागा केली. बराच वेळ ते मान तिरकी करून बसून राहिले. मग वळले.

"ती म्हणते, नोकरी सोडू नकोस."

मुलगा दारातून दोन पावलं आत आला. "कोण सोडतंय नोकरी?" तो कसंबसं हसून म्हणाला.

"मला काय माहीत? मी आपला निरोप सांगितला." बाबा पुन्हा भाव बघण्यात गढून गेले.

खोलीत गारठा वाटत होता. मुलगा घाईघाईने कॉम्प्युटरवाल्याला सोडायला बाहेर आला. बाहेर लख्ख ऊन होतं, तेवढ्यानेही त्याला धीर आला. बाबांचं डोकं फिरलं असेल, पण घर तर वाचलं.

"नक्की कळणार नाही ना त्यांना?" त्याने विचारलं.

"छे हो." कॉम्प्युटरवाल्याने पिशवी खांद्याला अडकवली. "पैसे काढायला गेल्याशिवाय कुणालाच कळत नाही. तुमच्या आईंनीही तुमच्या मशीनवर माझ्याकडून हेच तर करून घेतलं होतं. जाण्याआधी त्यांनी सांगेपर्यंत तुम्हाला तरी कुठे कळलं होतं?"