पाचवी खोली

"सर, इथे तुमची सही राहिली आहे," मुलगी म्हणाली आणि तिने अर्ज टेबलावर ठेवला. अर्ज गणित सोडून दुसरा विषय घेण्याचा होता. खाली तिच्या आईची सही आधीच झालेली होती.

गणिताच्या सरांनी पेनाचं टोपण काढलं. मनातून त्यांना हायसं वाटलं, ते लपवण्यात अर्थ नाही. या मुलीच्या डोळ्यांपुढे अक्षरं आणि आकडे जागेवर थांबत नसत, म्हणून शाळेने तिला यंदा एक संगणक दिला होता. धड्यातला मजकूर असो की समीकरण, तो तिच्या कानात वाचून दाखवी. सरांच्या मते हे नसते लाड होते. वर्गाने तिचं नाव 'कानवाली' ठेवलं, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत ते सांगून सर स्वतःही पोट धरून हसले होते.

"सही करण्याआधी एक विचारू?" तिने चाचणीचा पेपर पुढे केला. "सातव्या प्रश्नात चुकलं कुठे, तेवढं सांगाल? गुण नकोत. मला गणित आवडायचं, म्हणून विचारते."

सातव्या प्रश्नाला शून्य होतं आणि ती तीन गुणांनी नापास होती. शून्याशेजारी सरांनीच लाल शाईने लिहिलं होतं, 'यंत्रावर विसंबून राहिल्याचा परिणाम.' लिहिलं तेव्हा वाक्य मोठं झकास जमल्यासारखं वाटलं होतं.

"अगं, उत्तर चार किंवा उणे पाच. तू नुसतं पाच काढलंस. यंत्राने भलतंच काहीतरी वाचलं असणार."

मुलीने पिशवीतून संगणक काढला, सरांनाही ऐकू यावं म्हणून कानात घालायचा इअरफोन बाजूला ठेवला आणि सातवा प्रश्न लावला. यंत्र संथपणे म्हणालं, "एक्स अधिक तीन, कंस सुरू, एक्स वजा दोन, कंस पूर्ण, बरोबर चौदा."

"बघ!" सर जवळजवळ खूश झाले. "पहिला कंस खाल्लाच की त्याने! एक्स अधिक तीन हेसुद्धा कंसात आहे. थांब, तुला दाखवतोच."

त्यांनी खणातून छापील प्रश्नपत्रिका काढली, सातव्या प्रश्नावर बोट ठेवलं, आणि बोट तिथेच राहिलं. छापलेल्या प्रश्नात पहिला कंस नव्हता. टाइप करताना तो त्यांच्याच हातून सुटला होता.

मग सगळं आठवलं. चाचणी सुरू झाल्यावर दहा मिनिटांतच एका हुशार मुलाने शंका काढली होती. सर धावतपळत चारही वर्गांत गेले होते, प्रत्येक फळ्यावर दुरुस्ती लिहून आले होते, आणि सगळ्यांनी पेन्सिलीने कंस घालून घेतला होता. पाचवी खोली जिन्याखालची, खेळाच्या सामानाची. तिथे ही एकटी कानाला यंत्र लावून बसली होती. सर त्या जिन्यावरून दोनदा चढले-उतरले होते. आत डोकावायचं त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

त्यांनी छापलं होतं तसंच समीकरण मनात सोडवलं. चार एक्स बरोबर वीस. एक्स बरोबर पाच.

सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. अजूनही सुटका होती. 'पुन्हा तपासतो' म्हणून गुण वाढवून दिले असते, तर कोणाला कळलंही नसतं. उलट सर किती मोठ्या मनाचे म्हणून आईच आभार मानायला आली असती. हा विचार आपल्याला सुचावा, याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

"समजलं, सर," मुलगी म्हणाली. "म्हणजे यंत्र कंस खातं. तुम्ही लिहिलंत त्या दिवसापासून मी ते बंदच केलंय. बोट ठेवून वाचते. एका पानाला तास लागतो, पण वाचते." तिचा आवाज खाली आला. "हा प्रश्नही घरी तसाच वाचला, कितीदा तरी. आईने तर कागद तोंडापाशी धरून वाचायला लावला. पण मला तिथे कंस दिसलाच नाही. मग मीच आईला म्हटलं, कर सही."

तिने अर्ज सरांच्या हाताजवळ सरकवला.

"यंत्राने काही खाल्लं नाही," सर म्हणाले. शेजारच्या टेबलावर वह्या तपासणाऱ्या भाषेच्या बाईंनी मान वर केली. सरांना वाटलं, बाई बाहेर गेल्यावर बोलावं. पण मग ते बोललेच नसते. "तो कंस मी घातलाच नव्हता. चूक माझी. चारही वर्गांना जाऊन सांगितलं आणि तुझ्या खोलीत यायचं विसरलो. वर तुलाच बोल लावला."

बाईंचं पेन थांबलं. सरांनी पेपर ओढून घेतला, शून्य खोडून पाच गुण दिले, खालची लाल ओळही खोडली. ती पुसली गेली नाही, नुसती लाल पट्टी झाली.

मुलीने ते पाहिलंही नाही. तिने छापील प्रश्नपत्रिका जवळ घेतली, सातव्या ओळीवर बोट ठेवलं आणि ओठ हलवत शेवटपर्यंत वाचत गेली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"म्हणजे सर," तिने विचारलं, "घरी मी दर वेळी बरोबरच वाचत होते?"

"हो," सर म्हणाले. "दर वेळी." पेनाला टोपण लावून त्यांनी सही न केलेला अर्ज तिच्यापुढे सरकवला.