कुकरच्या झाकणातली चिठ्ठी

आत्यानं कुकर काउंटरवर असा आदळला की शिट्टीवाला दचकलाच.

"हळू की! दुकान पाडता काय?"

"पडलं तर पडू दे. एकदाचं सगळंच मोडेल."

शिट्टीवाल्यानं पाना खाली ठेवला. जन्मभर कुकर आणि स्टोव्ह दुरुस्त केलेले, म्हणून गल्लीनं त्याला हे नाव ठेवलेलं. साठीला टेकलेला गडी. एकटाच. बोटांत काजळी कायमची बसलेली, पण लग्नाचा विषय निघाल्यापासून रोज सकाळी नखं घासत होता.

"काय झालंय ह्याला?"

"ह्याला काय धाड भरलीय? सकाळी दणकून चार शिट्ट्या दिल्या ह्यानं. आणि आत्ता थोरला म्हणतो, शिट्टीच होत नाही, आत्ताच्या आत्ता घेऊन जा. धाकटीनं तर चपला पुढं सरकवल्या आणि दार लावून घेतलं. माझं तोंडसुद्धा बघवत नाही त्यांना."

थोरला आणि धाकटी म्हणजे तिच्या भावाची पोरं. भाऊ-भावजय गेले तेव्हा धाकटी अजून रांगत होती. वाढवलं ते आत्यानंच. आता थोरला बस चालवतो आणि धाकटी शाळेत शिकवते. चार दिवसांपूर्वी जेवताना आत्यानं एका दमात सांगून टाकलं, मी शिट्टीवाल्याशी लग्न करतेय. थोरला ताटावरून उठून गेला. धाकटी नुसतं पाणी पीत बसली. तेव्हापासून दोघांची कोपऱ्यात कुजबुज चालायची आणि आत्या आली की गप्प.

"म्हणून म्हणते, नको आपलं हे," आत्या म्हणाली. बोलताना ती त्याच्याकडं बघत नव्हती, भिंतीवर टांगलेल्या झाकणांकडं बघत होती. "पोरांना नको तर मलाही नको. त्यांना दुखवून मला कुठला संसार मांडायचाय?"

शिट्टीवाल्याला बोलता कुठं येत होतं? आलं असतं तर वीस वर्षं थांबला असता का? त्यानं कुकर पुढं ओढला, झाकण काढलं, उलटं केलं. हाताला काहीतरी काम हवं म्हणून रबराची रिंग ओढून काढली.

रिंगेखालून घडी घातलेला कागद टपकन काउंटरवर पडला.

दोघंही कागदाकडं बघत राहिले.

ही चलाखी आत्याचीच. पोरं लहान होती तेव्हा ज्याचा वाढदिवस त्याच्याच डोक्यावर कुकर द्यायची आणि इकडं पिटाळायची. रिंगेखाली चिठ्ठी, 'ह्याला तासभर बसवा.' मग शिट्टीवाला धडधाकट कुकर खोलायचा, जोडायचा, परत खोलायचा, वाफेच्या नाही नाही त्या गोष्टी सांगायचा. तिकडं आत्या घर सजवायची. थोरला अकरा वर्षांचा होईपर्यंत दरवर्षी फसला. धाकटीला दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. तरी बया इमानदारीत कुकर घेऊन यायची आणि स्टुलावर पाय हलवत तासभर बसायची.

"वाचा," आत्या म्हणाली. "माझा चष्मा घरी राहिलाय."

चष्मा तिच्या कपाळावर होता.

शिट्टीवाल्यानं घडी उलगडली. थोरल्याचं अक्षर, बसच्या पाटीसारखं मोठंच्या मोठं. पहिला शब्द वाचून तो थांबला. खाकरला.

"अहो, काय लिहिलंय?"

"आतोबा," तो म्हणाला.

इतकी वर्षं पोरं त्याला शिट्टीवाले काका म्हणत आली होती.

"बरं, पुढं?"

"थांबा जरा." त्यानं हाताला आलं ते फडकं तोंडावरून फिरवलं. फडकं ग्रीसचं निघालं. नाकावर हा एवढा काळा पट्टा. आत्यानं पदरानं तो पुसला. भर दुकानात, दार सताड उघडं असताना.

मग त्यानं सगळं वाचून काढलं. "आतोबा, आत्याला सहापर्यंत बसवून ठेवा. घरी तुमच्या साखरपुड्याची तयारी चाललीय. तिला कळू देऊ नका. ती तुम्हाला नाही म्हणायला येईल, तर म्हणू द्या, मनावर घेऊ नका. येताना शर्ट बदला." खाली धाकटीचं बारीक अक्षर होतं. "दादा त्या दिवशी ताटावरून उठला तो मोरीत जाऊन रडला. मी सांगितलंय असं म्हणू नका. आधी का नाही ठरवलंत, असं म्हणत होता."

आत्या स्टुलावर बसली. स्टूल पोरांच्या मापाचं, तिचे गुडघे पार हनुवटीशी आले.

"गाढवं आहेत दोन्ही," ती म्हणाली. बराच वेळ ती एवढंच म्हणत राहिली.

शिट्टीवाल्यानं कुकरमध्ये पाणी घातलं आणि स्टोव्ह पेटवला.

"अहो, चांगला आहे तो कुकर," आत्या म्हणाली.

"माहितीय मला. पण सहापर्यंत काय करू?"

त्यानं कुकर तीनदा तपासला. आत्यानं त्याला धाकटीच्या पहिल्या दाताची गोष्ट सांगितली, थोरला सायकलवरून गटारात पडला ती सांगितली. दोन्ही त्याला पाठ होत्या. तरी तो "मग?" म्हणत राहिला.

सहाला पाच कमी असताना त्यानं आत जाऊन शर्ट बदलला, केसांना पाणी लावलं आणि शटरला हात घातला.

आत्या जागची हलली नाही.

"बसा हो," ती म्हणाली. "थोरल्याला फुगे फुगवताना धाप लागते. दहा मिनिटं देऊ त्याला अजून."