वरची बाजू

दार पैलवानाच्या बायकोनं उघडलं. ती ओले हात पदराला पुसत बाजूला झाली.

"या भाऊजी. सकाळपासून वाट बघतायत तुमची. आणि ही फळंबिळं कशाला आणत बसलात? घरचेच ना तुम्ही?"

बेसवाल्यानं पिशवी तिच्या हातात दिली, पण तिच्याकडे बघितलं नाही. येताना वाटभर त्यानं एकच वाक्य घोकलं होतं. 'हँडल उखडलं नव्हतं, मी हात सोडला.' एवढं बोलून मोकळं व्हायचं. पुढं पैलवानानं घराबाहेर काढलं तरी चालेल.

पैलवान खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. अंगानं दांडगा, म्हणून बँडमधले सगळे त्याला पैलवान म्हणायचे. ड्रम मात्र असा हलक्या हातानं वाजवायचा, की बघणाऱ्याला नवल वाटावं. तो उजवा हात आता कोपरापासून प्लास्टरमध्ये होता. मनगटाचा चुरा झाला होता. काठीवरची पकड पुन्हा येईल का, या प्रश्नावर डॉक्टर नुसतेच 'बघू' म्हणाले होते.

"बस. नवा ड्रमर कसा वाजवतो?"

"वाजवतो."

"म्हणजे बेकार वाजवतो," पैलवान हसला.

बेसवालाही हसला. नवा पोरगा वाईट नव्हता. पण इतकी वर्षं बेसवाला पैलवानाच्या पायाकडे बघून वाजवत आला होता. मोठ्या ड्रमवर त्याचा पाय पडला, की याचं बोट बेस गिटारच्या तारेवर पडायचं. ऐकणाऱ्याला दोन वाद्यं कळायचीच नाहीत, पोटात एकच ठोका बसायचा. नव्याबरोबर वाजवताना मात्र दोघं सारखे दारात एकमेकांवर आदळत असल्यासारखं व्हायचं.

सगळं झालं ते स्पीकरपायी. बेसवाल्याचा स्पीकर म्हणजे कपाटाएवढं धूड. हल्ली एका हातात नेता येतील असे मिळतात, हे सांगून सगळे थकले होते. "त्यांच्यातून नुसता आवाज येतो. माझ्या स्पीकरनं जमीन हलते," असं म्हणून तो त्यांना उडवून लावायचा. मग जिथं कार्यक्रम असेल तिथं दोघांनी तो वाहायचा. जिन्यावर बेसवाला वर, पैलवान खाली. खालच्यावर भार जास्त येतो, म्हणून पैलवानानं ती बाजू पहिल्यापासून न बोलता आपल्याकडे घेतली होती.

त्या दिवशी हॉलची लिफ्ट बंद होती. जिन्याच्या वळणावर स्पीकर तिरका झाला आणि बेसवाल्याच्या डाव्या हाताची बोटं भिंतीला चेपली. कळ मस्तकात गेली. पण 'थांब' म्हणून ओरडण्याइतका वेळ होता. तो ओरडला असता, तर पैलवानानं गुडघा टेकवून भार तोलून धरला असता. बेसवाल्याच्या डोक्यात तेव्हा पैलवान नव्हताच. त्याची बोटं होती, बेस वाजवायची बोटं. त्यानं दोन्ही हात काढून घेतले.

पुढं आवाज तेवढा झाला. सगळे धावत आले, तेव्हा स्पीकरखालून हात ओढून काढत पैलवान कण्हला, "माझ्या बाजूचं हँडल उखडलं." बिचाऱ्याला वेदनेत काही कळलं नसेल, असं बेसवाल्याला वाटलं. पैलवानाला गाडीत घालून सगळे गेल्यावर बेसवाल्यानं ते हँडल पाहिलं. घट्ट होतं. त्यानं पेचकस आणला आणि स्वतःच त्याचे स्क्रू काढून टाकले. बँडच्या गायिकेनं परत आल्यावर ते लोंबणारं हँडल पाहिलं आणि ती म्हणाली, "बरं झालं बाई, कुणाची चूक नव्हती."

पैलवानाची बायको चहा ठेवून आत गेली. बेसवाल्यानं घसा साफ केला.

"मला तुला एक सांगायचंय."

"आधी माझं ऐक," पैलवान म्हणाला. त्यानं आत एकवार बघितलं आणि आवाज खाली आणला. "हँडल उखडलं नव्हतं रे. मी खोटं बोललो."

बेसवाल्यानं उचललेला कप परत खाली ठेवला.

"अचानक केवढा भार आला अंगावर! मला पेलवलाच नाही. मी हात काढले. तू वरून एकटा काय करणार? आधी सुटलं ते माझ्याकडून. माझा हातही गेला आणि जिवापाड जपलेला तुझा स्पीकरही फुटला. एवढ्या माणसांसमोर म्हणवेना, की पैलवानाच्या हातात दम राहिला नाही. हिलासुद्धा सांगितलेलं नाही."

"अरे, पण..."

"थांब. परवा गायिका आली होती. म्हणाली, हँडल निघालेलं मी डोळ्यांनी पाहिलं." पैलवानाचे डोळे भरून आले. "मी पडलो तेव्हा ते घट्ट होतं. मग कुणी काढलं? तूच ना? तुला सगळं कळलं होतं, आणि माझी लाज राखायला तू माझं खोटं खरं करून दाखवलंस."

घोकलेलं वाक्य बेसवाल्याच्या जिभेवर होतं. आत भांडी वाजत होती. पैलवानानं आपला धड हात पुढं केला. बेसवाल्यानं तो आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"वेडा आहेस का," तो म्हणाला. "तुझ्यासाठी एवढंही करणार नाही का मी?"