येरमाळा दोन कोस
येरमाळा दोन कोसांवर असताना, गावकुसाबाहेरच्या वस्तीसमोर अंबादासरावांची फटफटी पंक्चर झाली. वस्तीतल्या सोपाननं घरातला पंप आणला, ट्यूबला ठिगळ लावलं आणि भर उन्हात हवा भरायला लागला. अंबादासराव लिंबाखाली बसून ओरडत होते, "जोर लाव की रे! भाकरी खातूस का न्हाय?"

काम उरकल्यावर सोपानच्या बायकोनं पाण्याचा तांब्या पुढं केला. घसा कोरडा पडला होता, तरी अंबादासराव मागं सरकले.

"तुमच्या घरचं पाणी चालत न्हाय आमाला. येरमाळ्यात पिईन."

सोपान खाली वाकला आणि चाक पार बसेपर्यंत त्यानं व्हॉल्व्ह दाबून धरला.

"हवा बी आमच्याच घरची हुती, मालक. ती बी येरमाळ्यातच भरा."