येरझाऱ्या

बाळ पुन्हा रडायला लागलं, तशी ती चटकन उठली आणि लाकडी धक्क्यावर येरझाऱ्या घालू लागली.

धक्का अरुंद होता, तलावात पार आतपर्यंत गेलेला. टोकाला तिघं गळ टाकून बसले होते. तिचे सासरे, तिचा नवरा आणि सासऱ्यांचे जुने मित्र, निवृत्त पोस्टमास्तर. सकाळपासून एकाच्याही दोरीवरचं लाल बूच हललं नव्हतं.

"गप रे राजा, गप," ती बाळाच्या कानाशी म्हणत होती. थोपटत थोपटत टोकापर्यंत यायची, वळायची, पुन्हा जायची. बाळ तीन महिन्यांचं होतं आणि तीन महिन्यांत ती आज पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती. सलग दोन तास झोप कशी असते, तेही ती विसरून गेली होती.

पोस्टमास्तर गळाची काठी ठेवून उठले आणि बूट वाजवत तिच्यापाशी आले.

"सूनबाई, रागावू नका हं. पण माशांनाही ऐकू येतं."

"हो काका. झोपेलच आता."

ते बूट वाजवत परत गेले. बाळ झोपलं नाही.

मग नवरा आला. "बघ ना काहीतरी," तो हळूच म्हणाला. "बाबांना आठवड्यातून हा एकच दिवस मिळतो. नाहीतर असं करू या का, तुम्हा दोघांना घरी सोडून येतो मी."

घरी म्हणजे तीच खोली, तोच ओढलेला पडदा आणि तेच रडणं.

"दहा मिनिटं दे मला," ती म्हणाली आणि आणखी भराभर चालू लागली. फळ्या तिच्या पायांखाली धडधडत होत्या.

"अगं, इकडे ये जरा." सासऱ्यांचा आवाज आला. गळ टाकून बसल्यावर ते कधी तोंड उघडत नसत. ती लगबगीने टोकाशी गेली.

"सॉरी बाबा. आम्ही निघतोच."

"निघायचं नंतर बघू. आधी इथे उभी राहा. अजिबात हलू नकोस. मास्तर, तुम्हीही बसल्या जागेवरूनच या खांबापाशी बघा. खाली, पाण्यात."

खांबाला हिरवं शेवाळ धरलं होतं आणि त्याभोवती बोटाएवढे मासे घुटमळत होते. बाळाने श्वास भरून घेतला आणि असा टाहो फोडला की काठावरचे दोन बगळे उडाले. मासे होते तिथेच. एकाने शेवाळाचा लचका तोडला आणि तो निवांत चघळू लागला.

"बहिरे दिसतात," पोस्टमास्तर म्हणाले.

"बहिरे नाहीत. वरचा आवाज पाण्यावर आपटतो आणि बराचसा वरच राहतो. आता दोन पावलं टाक गं. मघाशी टाकत होतीस तशीच."

तिने दोन पावलं टाकली. फळ्या वाजल्या. खांबापाशी एकही मासा उरला नाही.

ती बघतच राहिली. "म्हणजे सकाळपासून मीच..."

"एकटी तूच नाहीस. मास्तरांचे बूटही आहेत की."

पोस्टमास्तरांनी आपल्या बुटांकडे पाहिलं आणि मुकाट्याने नाड्या सोडायला घेतल्या.

"पण बाबा, मी बसले की हा थांबत नाही. उलट जास्तच रडतो."

"मग रडू दे ना! इथे कुणाचं काय अडतंय? दे त्याला इकडे." त्यांनी काठी मुलाच्या हातात दिली आणि बाळाला मांडीवर घेतलं. बाळाने नव्या मांडीचाही निषेध केला. "हं, बोला साहेब," सासरे त्याला म्हणाले, "सगळं सविस्तर सांगा."

ती एका खांबाला टेकून बसली. काय करायचं ते तिला सुचेना. हात रिकामे होते. तिने ते मांडीवर ठेवले, मग बाजूला ठेवले. पाय लांब केले.

अर्धा तास कुणीही जागचं हललं नाही. बाळ मात्र बोलतच होतं.

अचानक पोस्टमास्तरांचं बूच गडप झालं. काठी वाकली. "लागला! अहो, लागला!" ते ओरडले. हातभर लांबीचा मासा बाहेर आला, तसा तो उंच धरून त्यांनी मोठ्या कौतुकाने तिच्याकडे वळून हाक मारली, "सूनबाई, हे बघा!"

"हळू हो मास्तर," सासरे म्हणाले. मांडीवर बाळ तारस्वरात रडत होतं. "झोपलीय ती."