दुसरी मेणबत्ती

रुडॉल्फ अंकलनी पिशवीतून दोन मेणबत्त्या काढल्या. एक बायकोच्या कबरीवरच्या काचेच्या दिव्यात लावली आणि झाकण घातलं. दुसरी हातात धरून ते कृतिकाकडे वळले.

"ही तुझ्या आईसाठी. नाव सांग, मग लावू. नाव घेतल्याशिवाय आमच्यात लावत नाहीत."

कृतिकाने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली.

नोव्हेंबरची दुपार होती. परदेशातल्या त्या मिल्टन शहराच्या दफनभूमीत झाडं कमी आणि वारा फार. अंकलनीच तिला कॉलेजच्या दारातून गाडीत घेतलं होतं. आज आमच्याकडे मृतांचा दिवस, म्हणाले, तूही चल, दुःख एकच आहे दोघांचं. ज्यांच्या शिष्यवृत्तीवर आपण शिकतो, त्यांना नाही कसं म्हणायचं ते तिला सुचलं नाही.

सकाळीच तिच्या आईचा संगमनेरहून फोन आला होता. गुडघा दुखतोय, म्हणाली. पायमोजे घातलेस का, म्हणून विचारलं.

उन्हाळ्यात कृतिका कॉलेजच्या वेबसाइटवर शिष्यवृत्त्या शोधत बसायची. एकेक उघडायची आणि खाली तेच असायचं, फक्त नागरिकांसाठी, फक्त पीआरसाठी, म्हणजे कायमच्या रहिवाशांसाठी. बाहेरून आलेल्या मुलींना चालणारी एकच निघाली. अंकलच्या वारलेल्या बायकोच्या, कॉन्स्टन्सच्या नावाची. अट एवढीच, की मुलीला आई नसावी. बेसमेंटमध्ये तिच्याबरोबर राहणारी अक्षरा म्हणाली, "अप्लाय कर गं. कोण बघायला येतंय?" कोणी आलंही नाही. अर्धी फी भरली गेली. उरलेली जानेवारीत भरली जाणार होती. ती अडली की कॉलेज गेलं, कॉलेज गेलं की इथे राहायचं परमिट गेलं.

"अंकल," ती म्हणाली, "मला तुम्हाला एक सांगायचंय. माझी आई..."

"माहितीये. नको बोलू." त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "पहिल्या वर्षी मलाही हिचं नाव घेता यायचं नाही. चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेआधी फादर विचारायचे, कोणासाठी? आणि मी नुसता उभा."

"तसं नाही अंकल."

"तसंच असतं, पोरी. कॉलेजवाले म्हणत होते, मुलींकडून डेथ सर्टिफिकेट मागू या. मी म्हटलं, मग माझे पैसे परत द्या. आई गेलेल्या पोरीकडून कोण कागद मागतं?"

कृतिकाने दुसरीकडे पाहिलं. रस्त्यापलीकडे नव्या घरांची रांग होती, सगळी एकसारखी. गाडी फाटकाबाहेर उभी होती आणि चावी अंकलच्या खिशात.

"तुमची एलेन नाही आली?" तिने विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"ती कॅल्गरीला. फोन केला तर म्हणते, डॅड, शी इज नॉट देअर, इट्स जस्ट अ स्टोन." त्यांनी कोटाच्या बाहीने कबरीचा दगड पुसला. "असेल. पण दगडाकडे तरी कोणीतरी यायला पाहिजे ना. तू आलीस."

मग ते पुन्हा थांबले, मेणबत्ती हातात तशीच. "सांग. हळू सांगितलंस तरी चालेल. मला कमीच ऐकू येतं, वर मात्र सगळं जातं."

कुठलंही नाव चाललं असतं. वारलेली आजी होती, आत्या होती. तिच्या तोंडात एकच आलं.

"लता."

"लताबाई," अंकल म्हणाले. त्यांनी डोक्यावरची लोकरीची टोपी काढली आणि दगडाकडे पाहिलं. "कॉन्स्टन्स, ह्या लताबाई. एकट्याच आल्यात. सांभाळून घे."

त्यांनी मेणबत्ती कबरीपुढच्या खडीत रोवली आणि काडी ओढली. वात पेटली आणि लगेच विझली. कृतिकाने रोखून धरलेला श्वास सोडला.

त्यांनी दुसरी काडी ओढली. तीही गेली.

"जाऊ दे ना अंकल. वारा फार आहे."

"जाऊ दे कसं? हिची पेटलीय आणि तुझ्या आईची नाही. लोक काय म्हणतील?"

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. सगळीकडे दगडच होते. त्यांचं त्यांनाच थोडं हसू आलं. "वाऱ्याची जागाही मीच निवडली. ही असती तर म्हणाली असती, रुडॉल्फ, तुला एक काम धड जमत नाही."

पुन्हा काडी ओढली. त्यांची बोटं आता थंडीने आखडली होती. काडी वातीपर्यंत पोचलीच नाही.

"नकोच अंकल," कृतिका म्हणाली. "खरंच नको."

"एवढ्यात हरतेस?" दगडाला धरून ते हळूहळू गुडघ्यांवर बसले. "ये, अशी समोर बस. ग्लोव्ह काढ आणि आडोसा कर."

ती बसली. ग्लोव्ह काढून तिने दोन्ही तळवे मेणबत्तीभोवती धरले. अंकलनी काडी ओढली आणि तिच्या हातांच्या आत नेली. वारा आला. तो तिला हातांच्या पाठीवर लागला. एक बोट जरा बाजूला केलं असतं तरी पुरलं असतं. समोर अंकल श्वास धरून वाकले होते, डोकं उघडं, कान लाल झालेले. तिने बोटं घट्ट जुळवली.

ज्योत उभी राहिली. हलली नाही. तिच्या तळव्यांना ऊब लागली.

"बघ," अंकल म्हणाले. "लेकीचे हात ओळखले तिने."