दुपारचा फोन

शेवटच्या वर्षाला शौनकला घोडबंदर रोडवरच्या एका कंपनीत इंटर्नशिप मिळाली. काम सोपं होतं. माइकसमोर बसून दिलेली वाक्यं वाचायची आणि कॉम्प्युटरला आपल्या आवाजात बोलायला शिकवायचं. त्या आवाजात फोन लावून बघायच्या चाचणीसाठी घरचा एक नंबर हवा होता, तो त्याने आईचा दिला. इंटर्नशिप संपली, तेव्हा कंपनीतल्या मॅडमनी त्याच्या डोळ्यांदेखत तो आवाज पुसून टाकला आणि सर्टिफिकेट हातात ठेवलं.

पुढच्याच आठवड्यात अंगात कणकण म्हणून तो कॉलेजला न जाता डोंबिवलीच्या घरी पडून होता. दुपारी आईचा फोन वाजला. स्क्रीनवर शौनकचंच नाव होतं, आणि त्याचा फोन तर त्याच्या उशाशी बंद पडलेला.

"हो रे, जेवले," त्याच्या आई सरोजताई फोनवर सांगत होत्या. "गुडघा? आज जरा बरा आहे बघ."

पलीकडून हसू ऐकू आलं. ते त्याचं स्वतःचं हसू होतं. धडपडत उठून शौनकने आईचा हात धरला.

"आई, ठेव तो फोन! तो मी नाहीये!"

सरोजताईंनी घाईघाईने फोनवर तळवा दाबला.

"ते मला पहिल्याच दिवशी कळलं. तू कधी विचारतोस का मी जेवले की नाही ते?" त्या कुजबुजल्या. "आता हळू बोल. तू घरात आहेस हे कळलं, की तो गप्प होतो."